अण्णांच्या वहीतला ८८८ : 'टेक्निकल टीम'चे खोटे फोन

सांजवात | शुक्रवार, रात्री १०:४०

चार दिवस हा धागा काढू की नको असं चाललं होतं. शेवटी अण्णाच म्हणाले, "लिही. माझं नाव तेवढं घालू नकोस." म्हणून लिहिते.

अण्णा ७६ वर्षांचे, महापालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. ते आणि आई परळला, मी कांदिवलीला. सोमवारी सकाळी लँडलाइन वाजला. समोर मराठी बोलणारा मुलगा. "सर, इंटरनेट कंपनीच्या टेक्निकल टीममधून बोलतोय. तुमचं नेट अधूनमधून स्लो होतं का?"

आता मुंबईत कुणाचं होत नाही? अण्णा म्हणाले, "होतं हो, कालच रात्री गेलं होतं." झालं, मुलगा विश्वासाचा ठरला.

पुढचं माझ्या शब्दांत सांगण्यापेक्षा अण्णांच्या वहीतून उतरवते. नोकरीत लागलेली सवय आहे, फोनवर बोलताना वही उघडी आणि पेन हातात.

"११.०५ इंटरनेट कं. चा फोन. सभ्य मुलगा.
११.२० कॉम्प्युटरमध्ये दोष आढळले. लाल खुणा स्वतः पाहिल्या. ३,००० च्या वर.
११.३५ फोन मायक्रोसॉफ्टच्या सीनियर साहेबांकडे दिला. हिंदी-इंग्रजी.
११.४० आपला लायसन नं. ८८८डीसीए६० (पुढे बराच आहे). साहेबांनी तिकडून वाचला, इकडे तोच दिसला. जुळला.
१२.१५ पाच वर्षांचे संरक्षण रु. ४,९९९ भरले. पावती ईमेलवर येणार.
१२.५० जेवणासाठी सुट्टी मागितली. फोन चालू ठेवण्यास सांगितले.
१.३० ज्येष्ठ नागरिक म्हणून पैसे परत मिळणार. मोबाइलवरही ॲप घेतले.
२.१० पडदा काळा. अपडेट चालू. हात लावू नये."

दोन दहानंतर चार वाजेपर्यंत वहीत काहीच नाही. चारला आईचा मला फोन, "अगं, हे सकाळपासून फोनवर आहेत, पान वाढून ठेवलंय तसंच आहे." लँडलाइन एंगेज, मोबाइल एंगेज. शेजारच्या वहिनींना फोन करून म्हटलं, आधी आत जा आणि राउटरचा प्लग उपटा. त्या गेल्या तशा हातातलं पीठ न धुता गेल्या. दोन वेळा ४९,९०० आणि एकदा ४८,५०० गेले होते. पहिले ४,९९९ धरून १,५३,२९९. मी लोकलमध्ये उभ्याउभ्या १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावला, तक्रार नोंदवून पूर्ण व्हायला पाच वीस झाले.

आता तीन प्रश्न. एक, तो कॉम्प्युटर परत वापरायचा का? दोन, बँकेतले म्हणतात ओटीपी टाकून व्यवहार झालेत, आम्ही काय करणार. पण अण्णा शपथेवर सांगतात की ओटीपी कुणालाच सांगितला नाही, आणि ते खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. तीन, तो लायसन नंबर त्यांना कसा ठाऊक होता? अण्णांच्या डोक्यातून तेवढं जात नाहीये. "बाकी थापा असतील, पण नंबर जुळला होता गं."

झब्बू | शुक्रवार, रात्री १०:५८

वाईट वाटलं. शेजारच्या वहिनींना माझा दंडवत. पीठ न धुता धावणारे शेजारी आमच्या टॉवरमध्ये नाहीत. इथे आधी इंटरकॉम करावा लागतो.

खटपट्या | शुक्रवार, रात्री ११:३१

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर मला तोंडपाठ आहे. लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं कुणी विचारत आलं तर आम्हीच गोंधळतो) माझं दुरुस्तीचं दुकान आहे. अण्णांसारखी मंडळी मशीन घेऊन येतात आणि नंबर जुळला असंच सांगतात.

सगळ्यांनी आपापल्या विंडोजवर करून बघा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, म्हणजे ती काळी खिडकी. त्यात असॉक टाइप करा, ए-एस-एस-ओ-सी, आणि एंटर मारा. लांबलचक यादी धावेल. अगदी तळाशी झेडएफसेंडटूटार्गेट नावाची ओळ असेल, तिच्यापुढे महिरपी कंसात ८८८डीसीए६०-एफसी०ए-११सीएफ-८एफ०एफ-००सी०४एफडी७डी०६२. हा लायसन नंबर नाही. फाइलवर राइट क्लिक करून 'सेंड टू'मधून झिप करतो ना, त्या सोयीची ही विंडोजमधली ओळख आहे. परळला तीच, पेरूमध्ये तीच. साहेबांनी 'तिकडून' काहीही पाहिलं नव्हतं. समोर चिकटवलेल्या कागदावरून वाचलं.

अण्णांना सांगा, नंबर जुळला हे खरंच आहे. तो सगळ्यांचाच जुळतो.

लाल खुणांचं तसंच. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर म्हणून एक नोंदवही आहे. कुठला प्रोग्राम दोन सेकंद उशिरा सुरू झाला, कुठे प्रिंटर सापडला नाही, सगळं त्यात लाल-पिवळ्या खुणांनी टिपलेलं असतं. उत्तम चालणाऱ्या मशीनमध्येही शेकड्यांनी सापडतात. आपण जन्मात ती उघडत नाही, म्हणून पहिल्यांदा पाहिली की छातीत धस्स होतं.

आणखी दोन खेळ. नेटस्टॅट ही कमांड चालवायची आणि 'फॉरेन ॲड्रेस' या शीर्षकाखाली आलेली यादी दाखवून म्हणायचं, बघा, परदेशी हॅकर आत शिरलेत. तिथे फॉरेन म्हणजे पलीकडच्या टोकाचा, बस. तुम्ही बातम्यांची साइट उघडलीत तर तिचा सर्व्हरही त्या यादीत येतो. दुसरा खेळ ट्री कमांडचा. फोल्डरांची नावं सरसर धावतात, हा म्हणतो स्कॅन चाललंय, आणि ती धावत असतानाच 'व्हायरस सापडला' असं स्वतः टाइप करून ठेवतो. धावणं थांबलं की ते शेवटी उमटतं.

आता कॉम्प्युटर. नेट बंदच ठेवा. रिमोटचं ॲप (दूर बसून आपलं मशीन चालवता येतं ते) काढलं की काम झालं असं समजू नका, ती मंडळी जाताना एखादी मागची खिडकी उघडी ठेवतात. फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या (प्रोग्रामच्या फाइली घेऊ नका) आणि विंडोज पुसून नव्याने टाका. पासवर्ड दुसऱ्या, न बिघडलेल्या यंत्रावरून बदला. आधी ईमेलचा, कारण बाकीच्या सगळ्या पासवर्डांची किल्ली तिथे असते. ईमेलच्या सेटिंगमध्ये आपल्या टपालाची प्रत भलतीकडे पाठवण्याचा नियम कुणी लावलाय का तेही बघा. ही पायरी लोक हमखास विसरतात.

तिखटमीठ | शुक्रवार, रात्री ११:४९

अय्या, आहे! ८८८डीसीए६०. ऑफिसच्या लॅपटॉपवर.

झब्बू | शनिवार, रात्री १२:०४

माझ्याकडेही. बायकोच्या लॅपटॉपवरही. आमचं लायसन एकत्र कुटुंबाचं दिसतंय.

उंटावरचा शहाणा | शनिवार, सकाळी ८:१५

राग मानू नका, पण शिकलेसवरलेले लोक यात सापडतात कसे हे मला खरंच कळत नाही. पाच तास फोनवर? पेपरात रोज येतंय, मध्यंतरी कुणालाही फोन लावला की आधी ती सावधगिरीची टेप वाजायची. मला असा फोन आला तर मी तासभर टाइमपास करतो. परवा एकाला सांगितलं, माझा कॉम्प्युटर गॅसवर चालतो.

पार्लेकर काकू | शनिवार, सकाळी ९:२०

@उंटावरचा शहाणा, आयडी अगदी शोभून दिसतो तुम्हाला.

अहो, टेपमध्ये काय सांगत होते? ओटीपी सांगू नका. अण्णांनी सांगितला का? नाही. त्यांनी मोबाइलवर ॲप घेतलं, त्यातून मोबाइलचा पडदाच पलीकडे दिसत होता. मेसेज आला तो त्या माणसाने स्वतःच वाचला. अण्णा नियम पाळूनच फसले आहेत. माझ्या भिशीतल्या एकीचं असंच झालं. ती बिचारी अजून म्हणते, "मी तर एक अंकसुद्धा उच्चारला नाही."

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १:०५

काकूंनी नेमकं बोट ठेवलं. मी मालाडला खऱ्या कॉल सेंटरमध्ये नऊ वर्षं काढली, परदेशी ग्राहकांचे प्रिंटर दुरुस्त करण्यात. राहायला मीरा रोडला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी आमच्या भागातल्या कॉल सेंटरांवर छापे घातले, ७०० च्या वर लोकांना ताब्यात घेतलं, ते आठवत असेल. ते लोक अमेरिकेच्या टॅक्स खात्याचे अधिकारी बनून तिकडच्यांना धमकावत होते. म्हणजे प्रकार वेगळा, पण यंत्रणा हीच. त्यानंतर सहा महिने मी कॉल सेंटरमध्ये आहे म्हटलं की सोसायटीतले माझ्याकडे टक लावून बघायचे.

ही यंत्रणा दोन माणसांची असते. पहिला 'ओपनर'. त्याचं काम घाबरवणं नाही, 'हो' म्हणवून घेणं. नेट स्लो होतं का, मोबाइल तापतो का, नको ते कॉल येतात का. असे प्रश्न की उत्तर हो शिवाय दुसरं येणारच नाही. तीन वेळा हो म्हटलेला माणूस चौथ्यांदा नाही म्हणताना अडखळतो. मग कॉल जातो 'क्लोजर'कडे. हा साहेब. याच्यासमोर कागदांची चळत असते, ग्राहक म्हणाला 'मुलीला विचारतो' तर काय बोलायचं, 'बँकेत जाऊन येतो' म्हणाला तर काय, सगळं लिहिलेलं.

आणि हे पार्ट टाइमवाले हौशी नव्हेत. म्हणून शहाणेसाहेब, टाइमपासही करू नका. तुम्हाला गंमत वाटते, पण त्यांच्या यादीत तुमचा नंबर 'उचलतो, बोलतो' या रकान्यात जातो आणि त्या याद्या विकल्या जातात. गॅसवरच्या कॉम्प्युटरची किंमत पुढच्या वर्षभराच्या फोनांनी चुकवाल.

माझ्या धंद्यातून सांगतो, खरा-खोटा ओळखण्याची खूण. खऱ्या कस्टमर केअरमध्ये आमचा प्रत्येक कॉल मिनिटांत मोजला जायचा. सरासरी वाढली की टीम लीडर खांद्यामागे येऊन उभा. ग्राहक म्हणाला, "थांबा, नंतर करतो," की आम्हाला आतून उकळ्या फुटायच्या. खरा कस्टमर केअरवाला तुम्ही फोन कधी ठेवता याची वाट बघत असतो. जो तुम्हाला जेवायलाही फोन ठेवू देत नाही, त्याला तुमच्या मिनिटांचे पैसे मिळणार आहेत.

अण्णांची १२.५० ची नोंद वाचली आणि अंगावर काटा आला.

पासबुक | शनिवार, संध्याकाळी ६:३०

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत तोटा कुणी सोसायचा याबद्दल. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच नाही. चूक दोघांचीही नसेल, भलत्याच ठिकाणाहून माहिती फुटली असेल, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तरीही काहीच नाही. पण ग्राहकाने पासवर्डसारखी गोष्ट स्वतः दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कितीला कळवलं हे कागदावर हवं. बँकेच्या हेल्पलाइनवर केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि वेळ जपून ठेवा. १९३० चा क्रमांक वेगळा, हा वेगळा. पुष्कळ जण एकच करतात.

बँक निष्काळजीपणाकडे बोट दाखवणार, हे गृहीत धरा. पण त्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर टाकलेलं आहे. म्हणून तक्रारीत 'ओटीपी दिला' किंवा 'ओटीपी चोरला' असं एका वाक्यात उरकू नका. घडलं तसं लिहा: दूरनियंत्रणाचं ॲप घ्यायला लावलं, पडदा काळा केला, त्या काळात तीन नवे लाभार्थी जोडले गेले आणि लागोपाठ रकमा गेल्या. इतकी वर्षं ज्या खात्यातून पेन्शन आणि वीजबिलापलीकडे हालचाल नाही, त्यात एका दुपारी हे घडताना बँकेच्या यंत्रणेला वावगं वाटलं नाही का, हा प्रश्न नम्रपणे पण लेखी विचारा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही.

पडदा वाटून घेणाऱ्या ॲपचा धोका नवा नाही. एनीडेस्कच्या वापराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ते ॲप स्वतः काही चोर नाही, माझा मुलगा बंगळुरूहून त्यानेच माझा प्रिंटर नीट करतो. किल्ली कुणाच्या हातात देतो एवढाच प्रश्न.

पोलिसांकडे 'हे आमच्या हद्दीत नाही' असं ऐकावं लागलं तर १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डी खाली येतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मुंबईत पोलिसांच्या पाचही प्रादेशिक विभागांना आता स्वतंत्र सायबर ठाणी आहेत, पण सुरुवात जवळच्या ठाण्यातही होते.

आणि अण्णांची ती वही फेकू नका. खरं तर तिच्या झेरॉक्स काढा.

सांजवात | रविवार, सकाळी ११:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल परळला गेले होते.

खटपट्या, माझ्या लॅपटॉपवर असॉक चालवून अण्णांना दाखवलं. वही शेजारी धरून एकेक आकडा ताडून पाहिला त्यांनी, डीसीए, साठ, पुढचे सगळे. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. म्हणाले, "म्हणजे मी ज्याला पुरावा समजलो तो सगळ्या जगाचा होता." आणि हसले. सोमवारनंतर पहिल्यांदा.

पोलीस ठाण्यात जी मॅडम होती तिने वही पाहून विचारलं, "काका, हे तुम्ही तेव्हाच लिहिलंत? इथे येणाऱ्यांना वेळ तर सोडाच, वारही सांगता येत नाही." बँकेच्या उताऱ्यातल्या वेळा आणि वहीतल्या वेळा शेजारी ठेवल्यावर तिला चित्र लगेच कळलं. एक ४९,९०० ची रक्कम अजून पहिल्याच खात्यात होती, ती गोठवली आहे. तेवढे परत मिळायलाही रीतसर अर्ज करावा लागेल म्हणाली. बाकीचे दोन हप्ते पुढे सरकले आहेत.

शहाणेसाहेब, तुमचा राग आला नाही. मीसुद्धा सोमवारी रात्री अण्णांना हेच विचारलं होतं, वरच्या पट्टीत. "पाच तास तुम्हाला संशय कसा आला नाही?" ते जे बोलले ते लिहायचं नव्हतं, पण अण्णा म्हणालेत सगळं लिही.

म्हणाले, "तो पाच तासांत एकदाही खेकसला नाही. माउस कुठे न्यायचा हे मी चारदा विचारलं, चारही वेळा त्याने सांगितलं."

दिवाळीत त्यांनी मला ईमेलला फोटो कसा जोडायचा हे दुसऱ्यांदा विचारलं होतं. मी काय म्हणाले ते मला आठवतंय. त्यांनाही आठवत असणार.

तिखटमीठ | रविवार, दुपारी १२:२२

सांजवात, हे वाचून मी आत्ता सासूबाईंना फोन केला. त्यांच्या मोबाइलचा फॉन्ट वाढवून द्यायचा राहिलाय गणपतीपासून.

अवांतर नाही म्हणून लिहिते: फोन त्यांनीच करावा असं नाही, आपल्यालाही करायला लावतात. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात एकीच्या पडद्यावर अचानक लाल-निळं पान पसरलं, सायरन सुरू, बाईचा आवाज, 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा'. माउस हलेना. सगळा मजला गोळा झाला. आयटीतला मुलगा आला, एस्केपचं बटण दाबून धरलं, पान लहान झालं, बंद केलं. ते जमलं नसतं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझरच संपवायचा म्हणाला. परत उघडताना 'जुनी पानं पुन्हा उघडू का' विचारलं तर नाही म्हणायचं, नाहीतर सायरन परत हजर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, हे त्यानेच सांगितलं. पडद्यावर नंबर दिसला की तिथेच ओळखायचं.

उंटावरचा शहाणा | रविवार, रात्री ९:४७

बरं. आता मीही लिहितो, घरात कुणाला माहीत नाही.

गेल्या पावसाळ्यात वॉशिंग मशीन बंद पडलं. कंपनीचा नंबर सर्चमध्ये शोधला, पहिला आला तो लावला. अत्यंत नम्र माणूस. तक्रार नोंदवली, नोंदणीचे पाच रुपये म्हणाला, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे उघडली की मोबाइलवर ॲप बसवणारी. मी ती घेतली. मेसेज वाचण्याची परवानगी मागितली, ती दिली. पाच रुपयांसाठी यूपीआयचा पिन टाकताना बायकोने चहाला हाक मारली म्हणून उठलो. परत आलो तोवर याचे चार मिस्ड कॉल. पाच रुपयांसाठी चार कॉल! तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. मशीनच्या मागच्या स्टिकरवर खरा नंबर होता, तो वाचायला मशीन ओढावं लागलं असतं म्हणून मी सर्च केलं होतं.

सांजवातताई, अण्णांना माझा नमस्कार सांगा.

पार्लेकर काकू | रविवार, रात्री १०:०३

आता आयडी बदला.

माझी पद्धत सांगते. आमच्या फोनच्या स्टुलावर चिठ्ठी चिकटवली आहे: 'मी ठेवते, मीच करते.' कुणीही असो, इंटरनेट, गॅस, वीज, बँक. बरं म्हणायचं, ठेवायचं, आणि बिलावर किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवर आपण लावायचं. त्यानेच सांगितलेल्या नंबरवर नाही हं! खरा असेल तर तक्रार सापडते. आजवर एकही सापडलेली नाही.

खटपट्या | रविवार, रात्री ११:१५

@उंटावरचा शहाणा, ती एपीके मोबाइलमध्ये अजून आहे का? नुसतं आयकॉन दिसत नाही यावर जाऊ नका. सेटिंगमध्ये ॲपची पूर्ण यादी बघा, ॲक्सेसिबिलिटीची (पडदा वाचायची, बटणं दाबायची) परवानगी कुणाकुणाला आहे ते बघा, डिव्हाइस ॲडमिनमध्ये (मोबाइलवर हुकूम चालवणाऱ्या ॲपच्या यादीत) अनोळखी काही असेल तर आधी तिथला हक्क काढा, मगच ते ॲप निघेल. आणि स्टार-हॅश-२१-हॅश डायल करून कॉल दुसरीकडे वळवलेत का तेही पाहा. वळवले असतील तर हॅश-हॅश-००२-हॅशने सगळे रद्द होतात. फोनवरून कुणी ४०१ ने सुरू होणारा कोड डायल करायला सांगितला तर तो कॉल वळवण्याचाच असतो.

अण्णांच्या मोबाइललाही हे सगळं करा. कॉम्प्युटर दुकानात आणा, विंडोज टाकून देतो. पैसे घेणार नाही, वही दाखवा फक्त.

पासबुक | सोमवार, सकाळी १०:४०

एक राहिलं. बँकांनी फोन करताना १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरावेत आणि संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन'वर न्यावीत असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. म्हणजे साध्या दहा आकडी मोबाइलवरून 'बँकेतून बोलतोय' आलं की तिथेच पाणी मुरतंय. कॉलर आयडीच्या ॲपवर नाव काय दिसतं याला मात्र भुलू नका. ते नाव कुणीही भरू शकतं.

आणि सांजवातताई, सावध राहा. एकदा पैसे गेलेल्यांची यादी सगळ्यात महाग असते. महिन्याभरात 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' म्हणणारा फोन येईल. सायबर सेल, वकील, रिफंड विभाग, काहीही असेल. तो आधी फी मागेल.

सांजवात | चोविसाव्या दिवशी, गुरुवार, रात्री ९:०५

धागा वर काढते आहे.

बँकेचं उत्तर आलं, नकारच आहे. लोकपालाकडे अर्ज केलाय, पासबुककाकांनी मसुदा बघून दिला. गोठवलेल्या रकमेसाठीही अर्ज गेला आहे. कॉम्प्युटर लॅमिंग्टन रोडवरून परत आला. खटपट्यांनी खरंच पैसे घेतले नाहीत, अण्णांनी आईच्या हातचे बेसनाचे लाडू नेले होते तेवढे घेतले. दोघं दोन तास इव्हेंट व्ह्यूअर बघत बसले होते म्हणे.

रविवारी दुपारी मी परळला जाते. आमचा कॉम्प्युटरचा तास असतो. परवा फोटो जोडणं तिसऱ्यांदा झालं. मी पाणी प्यायला दोनदा उठले, पण खेकसले नाही.

आज आईने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तिने स्वतः काढून, स्वतः जोडून. पान असं:

"दु. ४.१० पुण्याहून फोन, रिफंड डिपार्टमेंट. आपले १,५३,२९९ मंजूर. आकडा बरोबर सांगितला. प्रक्रिया शुल्क ७,५०० मागितले.
४.१२ त्यांस त्यांचा लायसन नंबर विचारला. गप्प.
४.१३ आपणच सांगितला. ८८८ पासून शेवटपर्यंत, न बघता.
४.१४ त्यांनी फोन ठेवला. चहा."